टिंब नसलेला अडसर

बोर्तोलो बेल्लेरी सकाळी उठला की आधी दोन्ही हात गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून बसायचा. एकेचाळीस वर्षं कानस धरलेली बोटं नोव्हेंबर महिन्यात सरळ व्हायला दहा मिनिटं घेत. ती सरळ झाली की मग कॉफी. वय सत्तर. बायको ओलीवा जाऊन चार वर्षं झाली होती. इन्झीनोमधल्या दोन खोल्या, खिडकीखाली मेल्ला नदी, आणि रविवारी दुपारी बहिणीकडे जेवण. आठवड्यात वाट पाहावी असं तेवढंच होतं, आणि त्याचीही त्याला हल्ली दमणूक व्हायची.

त्या रविवारी मात्र बहिणीकडे जायच्या आधी, दहा वाजता, एक पाहुणा यायचा होता. तो न आला तर बरं, असं बोर्तोलोला चार दिवस वाटत होतं.

पाहुणे म्हणजे क्रेमोनाचे डॉक्टर आन्सेल्मी. त्यांचं औषधांचं दुकान होतं, पण जीव सगळा जुन्या पिस्तुलांत. इटलीत थोडीच बनली आणि विसरली गेली अशा स्वयंचलित पिस्तुलांची ते सूची तयार करत होते. बुधवारी त्यांचा फोन आला.

"बेल्लेरी साहेब, मला एक 'गाफ्फुरीनी सत्तर' मिळालंय. चाचणीला गेलेल्या नऊंपैकी. ते जुळवणाऱ्या फिटरांपैकी तुम्ही एकटेच उरलात म्हणतात."

"दोघं आहोत," बोर्तोलो म्हणाला. "नंबर काय?"

"नव्याण्णव."

बोर्तोलोने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "रविवारी या. दहाला. बाराला मला जेवायला जायचंय."

आता हे 'गाफ्फुरीनी सत्तर' काय होतं ते सांगायला हवं. या दरीत बंदुका चारशे-पाचशे वर्षं बनताहेत. मोठे कारखाने सैन्याला पुरवायचे आणि लहान कारखाने मोठ्यांना सुटे भाग पुरवायचे. पण प्रत्येक लहान मालकाच्या मनात कधी ना कधी एक स्वतःचं पिस्तूल असायचं. कोणी पन्नास बनवली, कोणी दोनशे, आणि पुन्हा सुट्या भागांकडे वळले. बोर्तोलोच्या मालकांनी, थोरल्या गाफ्फुरीनींनी, एकशे चाळीस बनवली. त्यांना दोन मुली होत्या. कारखान्यात सगळे या पिस्तुलाला 'मालकांची तिसरी' म्हणायचे, कारण मालक तिच्याकडे पहिल्या दोघींपेक्षा जास्त लक्ष द्यायचे.

पिस्तूल खरोखर देखणं होतं. मूठ बारीक, अक्रोडाच्या लाकडाची. मॅगझीनमध्ये आठ गोळ्या. सैन्याचं काडतूस नागरिकांना बंद, म्हणून हे सात-पासष्ट मिलिमीटरच्या काडतुसाचं. बोर्तोलोच्या वडिलांनी उमेदीच्या वर्षांत ग्लिसेंतीवर काम केलं होतं. त्या पिस्तुलाची डावी बाजू म्हणजे एक अख्खी पट्टी, आणि ती पुढे एका स्क्रूवर धरलेली. म्हातारा मरेपर्यंत सांगायचा, 'ज्या बाजूला भिंत नाही ते घर नव्हे.' थोरल्या गाफ्फुरीनींनी हे ऐकलं होतं. त्यांनी सांगाडा अखंड ठेवला आणि सगळी करामत नळीच्या खालच्या एका लहानशा ठोकळ्यात आणली. त्याला सगळे अडसर म्हणत. अडसराला दोन कान. गोळी सुटली की हे दोन कान नळी आणि वरची सरकती स्लाइड यांना एकत्र धरून ठेवत. दोन्ही मिळून चार-पाच मिलिमीटर मागे आल्या की अडसर खाली पडे, नळी थांबे आणि स्लाइड एकटी पुढचं काम करायला मागे जाई.

हे कान हाताने जुळवावे लागत. दोन्हींवर सारखाच भार यायला हवा. त्यासाठी अडसर तेलाच्या दिव्यावर धरायचा, काजळी बसवायची, पिस्तुलात घालून स्लाइड ओढायची, पुन्हा बाहेर काढायचा. जिथली काजळी पुसली तिथे स्पर्श, तिथे कानस. असं वीस-पंचवीस वेळा. जुळला की त्यावर पिस्तुलाच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे ठोकायचे, कारण यानंतर तो दुसऱ्या कुठल्याही पिस्तुलात चालणार नव्हता. हे काम बोर्तोलोचं.

डॉक्टर आन्सेल्मी बरोबर दहाला आले. हातात कुलपाची पेटी आणि बदामी बिस्किटांचा पुडा. टेबलावर ओलीवाच्या हातचा मेणकापडाचा तुकडा होता, त्यावर त्यांनी पिस्तूल ठेवलं.

"सरकारी परीक्षेनंतर एकही गोळी झाडलेली नाही," ते म्हणाले. "चाचणीत राखीव होतं. नंतर तिथल्या एका अधिकाऱ्याच्या कपाटात पडून राहिलं. तो वारला, मुलाने विकलं. बघा, रंग बघा."

काळा-निळा रंग अजून तसाच होता. बोर्तोलोने चश्मा बदलला. हाताला पिस्तूल एकदम ओळखीचं वाटलं, आणि ते त्याला आवडलं नाही.

"पुढच्या महिन्यात तोरीनोला लिलाव आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या सहीचा एक कागद हवा. एवढंच, की सगळे भाग मूळचे, एकाच नंबरचे, तुम्ही स्वतः जुळवलेले. मजकूर मी टाइप करून आणलाय. वाचून घ्या आणि सही करा, पाच मिनिटांचं काम."

"पाच मिनिटांत आम्ही दिवासुद्धा पेटवत नव्हतो," बोर्तोलो म्हणाला.

त्याने पिस्तूल उघडलं. बोटं काही विसरली नव्हती. स्लाइड निघाली, नळी निघाली, नळीच्या पोटातला अडसर त्याच्या तळहातावर पडला. खालच्या सपाट बाजूला आकडे होते: 99. त्याने तो अर्धा फिरवला. 66. पुन्हा फिरवला. 99. आकड्यांखाली काही नव्हतं. त्याने नखाने चाचपलं, मग खिडकीजवळ जाऊन पाहिलं. काही नव्हतं.

दरीत सहा आणि नऊ ठोकताना खाली एक टिंब द्यायची पद्धत होती. स्लाइडवर, सांगाड्यावर त्याची गरज नसे, तिथे आकडा कुठून वाचायचा ते दिसतंच. पण अडसर व्हाइसच्या शिकंज्यात बसेल तसा बसे आणि ठसा पडेल तसा पडे. सहासष्टचा उलटा धरला की नव्याण्णवचा.

बोर्तोलोला या टिंबांबद्दल चोवीस वर्षं खात्री नव्हती. आता होती.

सत्तर सालच्या शेवटी एका मोठ्या शहराच्या पोलिसांनी पिस्तुलांची चाचणी जाहीर केली. जिंकणाऱ्याला चार हजार पिस्तुलांचं काम. थोरल्या गाफ्फुरीनींनी नऊ पिस्तुलं निवडली, आणि अधिकाऱ्यांना बरं दिसावं म्हणून नंबर निवडले अकरा, बावीस, तेहतीस असे नव्याण्णवपर्यंत. बोर्तोलोने नऊंचे अडसर जुळवले. सगळी पिस्तुलं सरकारी परीक्षाघरात जास्त दाबाच्या काडतुसांवर पास झाली, ठसे पडले, आणि मग रंगासाठी सुटी करून एकाच टोपलीत टाकीत गेली. टिंबं द्यायची राहिली होती हे बोर्तोलोच्या डोक्यात होतं की नव्हतं, हे त्याला नंतर कधी नक्की आठवेना. बहुधा त्याने असा विचार केला असावा की जोडणार मीच आहे, माझे अडसर मी ओळखतो. नव्याण्णवच्या सांगाड्यात उजवीकडची खाच केसभर जास्त कापली गेली होती, म्हणून त्या अडसराचा उजवा कान त्याने जाड ठेवला होता. आंधळ्यानेही ओळखला असता.

पण टोपली टाकीतून बाहेर आली त्या सकाळी बोर्तोलोचे वडील वारले. तीन दिवस तो घरी होता. त्याच्या जागी नऊ पिस्तुलं जोडली सान्तो झुबानीने, त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने. कोणी सांगितलं नव्हतं; म्हणाला, "बोर्तोलोच्या डोक्याला आता हा त्रास नको."

चाचणीत सहासष्टच्या अडसराचा उजवा कान तीनशे बाराव्या गोळीला तुटला. कोणाला लागलं नाही. काम दुसऱ्याला गेलं. थोरल्या गाफ्फुरीनींनी तुटका अडसर मेल्लात फेकला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बेल्लेरीच्या हातचा अडसर तुटत नसतो. जोडणाऱ्याने घाण केली." सान्तोला काढलं. बोर्तोलोला दोन महिन्यांनी फोरमन केलं. उजवा कान, हे ऐकलं तेव्हाच बोर्तोलोला शंका आली होती. पण तुटका तुकडा नदीत होता, नव्याण्णव दुसऱ्या शहरात होतं, आणि वडील जाऊन महिनाही झाला नव्हता. बोलू, असं त्याने ठरवलं. मग ते राहिलं.

सान्तोने पुढची अठरा वर्षं लुमेझानेला नळांच्या तोट्यांना पॉलिश करण्यात काढली. पितळेची धूळ छातीत बसली. आता तो जिन्याचा एक मजला दोनदा थांबून चढायचा.

"काही अडचण?" डॉक्टरांनी विचारलं.

बोर्तोलो खिडकीपासून वळला. कपाटातून दिवा काढला, तेल घातलं, वात पेटवली. अडसर चिमट्यात धरून ज्योतीवर फिरवला. डॉक्टर खुर्चीवरून अर्धे उठले.

"अहो, रंग जाईल त्याचा."

"काजळी आहे. पुसली की गेली. बसा."

काळा झालेला अडसर त्याने पिस्तुलात बसवला, स्लाइड एकदा मागे ओढून सोडली, आणि पुन्हा सगळं उघडलं. डाव्या कानावर पोलाद चकचकीत दिसत होतं. उजव्या कानावरची काजळी जशीच्या तशी होती. मांजरानेसुद्धा पाय ठेवला नव्हता.

"हा नव्याण्णवचा नाही," तो म्हणाला. "सहासष्टचा आहे. नव्याण्णवचा सहासष्टमध्ये गेला, सगळा भार जाड कानावर आला आणि तिथे तुटला."

डॉक्टरांनी अडसर घेतला, उलटसुलट केला. हुशार माणूस होता, लगेच समजलं. चेहरा पडला.

"हे बघा, बेल्लेरी साहेब. आकडा तर जुळतोय. हे तुमच्याशिवाय जगात कोणाला कळणार आहे? कागदावर 'एकाच नंबरचे' असंच लिहिलंय. त्यात खोटं काय?"

"काही नाही," बोर्तोलो म्हणाला. "म्हणूनच चोवीस वर्षं चाललं."

सही केली असती तर पाहुणा गेला असता, आणि बाराला तो नेहमीसारखा सान्तोसमोर पत्ते घेऊन बसला असता. असे किती रविवार झाले याचा हिशेब त्याने कधी केला नव्हता, पण त्या प्रत्येक रविवारी हातात हुकुमाचा एक्का असला की तो शेवटपर्यंत दाबून ठेवायचा आणि चुकीच्या वेळी टाकायचा. सान्तो जिंकायचा. तेवढंच देता येत होतं, आणि त्याचाही आता कंटाळा आला होता. माणूस चुकीपेक्षा ती लपवायला घालाव्या लागणाऱ्या कष्टांनी जास्त दमतो.

त्याने डॉक्टरांचा कागद उलटा केला आणि पाठीमागे पेनने लिहिलं: 'नंबर ९९ मधला अडसर नंबर ६६ चा आहे. दोन्ही मी जुळवले. टिंब मी दिलं नाही. चूक जोडणाऱ्याची नव्हती. बोर्तोलो बेल्लेरी, फिटर.' फोरमन असं लिहिलं नाही.

"गाडी आणलीय ना?" त्याने विचारलं. "मग मला सारेझ्झोला बहिणीकडे सोडा. आणि ही पेटीही घ्या बरोबर. एका माणसाला दाखवायचंय."

सान्तोच्या घरी मांस सकाळपासून सळईवर फिरत होतं. सेजच्या पानांचा आणि लोण्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. पाल्मीरा मक्याच्या पिठाची पोलेंता घोटत होती. भावाच्या मागे कोट घातलेला अनोळखी माणूस पाहून तिने पळी थांबवली नाही.

"विमावाला आणलास की काय?"

"क्रेमोनाचे डॉक्टर आहेत."

"बरं झालं. याची छाती तपासा जरा, रात्रभर वाजते."

"औषधांचे," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "म्हणजे, दुकान आहे माझं."

सान्तो खिडकीशी बसला होता, गुडघ्यांवर शाल. बोर्तोलोने त्याच्यासमोर अडसर ठेवला, काजळीसकट, आणि शेजारी कागद. 

सान्तोने कागदाकडे पाहिलंच नाही. अडसर उचलला, डोळ्यांजवळ नेला, अंगठ्याने उजवा कान चाचपला.

"नव्याण्णवमधून काढलास," तो म्हणाला.

"हो."

"टिंब नव्हतं."

"नव्हतं. मी दिलं नव्हतं."

"मला माहीत आहे तू दिलं नव्हतंस. मी जोडत होतो ना?" सान्तोला खोकला आला, तो संपेपर्यंत सगळे थांबले. "दोन अडसर हातात. दोन्ही बिनटिंबांचे. संध्याकाळ झालेली, गाडी दारात, मालक दर पाच मिनिटांनी डोकावतोय. काजळी धरायला दहा मिनिटं लागली असती. मी म्हटलं, बोर्तोलोचं काम आहे, दोन्ही सारखेच नीट असणार. आणि घातला एक उचलून."

बोर्तोलो उभाच होता.

"तू हे बोलला नाहीस कधी," तो म्हणाला.

"काय बोलू? की मी फिटर असून अडसर न तपासता घातला? मालक म्हणाला घाण केली. केलीच होती. मला वाटायचं तुला ठाऊक आहे, आणि तू माझी लाज राखतोयस." त्याने शाल वर ओढली. "फोरमन झालास तेव्हा मात्र दोन दिवस तुझा राग आला होता. तिसऱ्या दिवशी लुमेझानेला लागलो. तिथे रागवायला ताकद उरायची नाही."

पाल्मीराने पळी ठेवली. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"म्हणजे इतकी वर्षं," ती म्हणाली, "तुम्ही दोघं माझ्या टेबलावर बसून, माझं मांस खाऊन, एवढ्याशा लोखंडाबद्दल गप्प होता?"

"पोलाद आहे," सान्तो म्हणाला.

"दोघांच्या डोक्यात घाला ते पोलाद." ती पुन्हा पोलेंताकडे वळली. डोळे तिने हातांनी पुसले नाहीत, कारण हातांना पीठ होतं.

मग सान्तोने कागद घेतला आणि सावकाश वाचला. "हे पुरं नाही," तो म्हणाला आणि पेन मागितलं. बोर्तोलोच्या सहीखाली त्याने लिहिलं: 'जोडताना काजळी धरली नाही. सान्तो झुबानी, फिटर.' सही मोठी होती.

डॉक्टर आन्सेल्मींनी कागद दोनदा वाचला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "हे तर विलक्षण आहे," ते म्हणाले. "हे पिस्तूल चाचणीत का हरलं, हे कुठेच नोंदलेलं नाही. याने तर उलट... मला सूचीत हे जसंच्या तसं छापता येईल का?"

"छापा," बोर्तोलो म्हणाला.

"मालकांची हरकत?" डॉक्टरांनी विचारलं.

"थोरले वारले. कारखान्यात आता फरशीचं दुकान आहे." सान्तोने अडसर परत त्यांच्या हातात दिला. "पण त्यावर टिंब देऊ नका कोणी. राहू द्या तसाच."

डॉक्टरांना जेवायला थांबवलं. त्यांनी दोनदा पोलेंता घेतली आणि पाल्मीराला खोकल्यासाठी एक नाव लिहून दिलं. तीनच्या सुमारास पेटी घेऊन ते गेले. बोर्तोलोला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फक्त पाठ दुखत होती, दिवसभर ओझं वाहून आणल्यासारखी, आणि आता कुठेतरी बसावंसं वाटत होतं. तो बसला.

सान्तोने पत्ते पिसले. पाल्मीराने वाइन ठेवली आणि आत जाऊन आडवी झाली. तिसऱ्याच डावात बोर्तोलोच्या हातात हुकुमाचा एक्का आला. सान्तोने टेबलावर हुकुमाची तिर्री टाकली, त्यांच्या खेळात एक्क्याखालोखालची, चांगलाच खूश होऊन. बोर्तोलोने पत्त्याकडे पाहिलं, सान्तोकडे पाहिलं, आणि एक्का टाकून तिर्री उचलली.

सान्तोने एक्क्याकडे पाहिलं. मग त्याने खुर्ची मागे सरकवली.

"म्हणजे इतकी वर्षं मी जिंकत नव्हतो?"

"कधी कधी जिंकत होतास."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

सान्तो डावभर कुरकुरत राहिला, पुढच्याही डावभर, आणि हरत राहिला. शेवटी म्हणाला, "पुढच्या रविवारी मी बघतो तुझ्याकडे. आता पत्ते वाट." बोर्तोलोने पत्ते गोळा केले. बोटं आखडली होती, पिसायला जमेना, तेव्हा सान्तोने ते त्याच्या हातून घेतले आणि स्वतः पिसले.